‘जय भीम कॉम्रेड’ : शाहिरांच्या आवाजातला हक्कांचा लढा

‘जय भीम कॉम्रेड’ हा आनंद पटवर्धन यांचा २०११ सालचा माहितीपट आहे. त्याची लांबी तीन तासांच्या घरात आहे आणि चित्रीकरण तब्बल चौदा वर्षे चालले होते. बोलणे बहुतेक मराठीत आहे, अधूनमधून हिंदीत. मुंबईत घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यानंतर चार दिवसांनी विलास घोगरे या शाहिराने आत्महत्या केली. चित्रपटाची सुरुवात या दोन घटनांपासून होते. तिथून तो महाराष्ट्रातल्या दलित चळवळीच्या कित्येक वाटा धुंडाळतो. नागरी हक्कांच्या लढ्यावर मराठी माणसाने एकच चित्रपट पाहायचा ठरवले, तर तो हा असावा.

नागरी हक्कांचा विषय निघाला की आपल्याकडेही पहिल्यांदा अमेरिका आठवते. मार्टिन ल्यूथर किंग, १९५५ च्या डिसेंबरात सुरू झालेला माँटगोमेरीचा बसबहिष्कार, १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा हे पाठ्यपुस्तकांतूनही भेटते. अलाबामातल्या १९६५ च्या मोर्चांवरचा ‘सेल्मा’ हा २०१४ चा चित्रपट इथल्या महाविद्यालयांमध्ये आवडीने पाहिला जातो. तो पाहावाच. पण महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी ओंजळीत घेतले ते २० मार्च १९२७ रोजी, म्हणजे माँटगोमेरीच्या अठ्ठावीस वर्षे आधी. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्येच केला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागदावर हक्क होता, तो वापरायला गेलेल्यांना मात्र लाठ्या खाव्या लागल्या. पुढे हा वाद न्यायालयात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. हक्क कागदावर असणे आणि हातात येणे यांच्यामधले हे अंतर चवदार तळ्यापासून आजपर्यंत चालत आले आहे. ‘जय भीम कॉम्रेड’ त्याच अंतराबद्दल बोलतो.

घाटकोपरची घटना अशी. ११ जुलैच्या सकाळी वस्तीतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला लोकांना दिसला. बातमी पसरली, माणसे जमली, शेजारून जाणारा पूर्व द्रुतगती महामार्ग अडवला गेला. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि थोड्याच वेळात गोळीबार सुरू झाला. दहा जण मारले गेले, अनेक जखमी झाले. अनेकांना कमरेच्या वर गोळ्या लागल्या होत्या. त्यांच्यात मोर्चाशी संबंध नसलेली माणसेही होती. कुणी दूध आणायला निघाले होते, कुणी गल्लीतच उभे होते. जमाव गॅसचे टँकर पेटवून देणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला, असा खुलासा सरकारकडून झाला. इथे चित्रपट आवाज चढवत नाही. टँकर कुठे होते आणि माणसे कुठे पडली, हे तो दाखवतो आणि प्रेक्षकालाच अंतर मोजायला लावतो. चित्रपटाच्या सबंध तीन तासांत याहून भेदक जागा क्वचितच सापडेल.

चौकशीसाठी न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार यांचा आयोग नेमला गेला. १९९८ मधल्या अहवालात आयोगाने गोळीबार अनावश्यक असल्याचे म्हटले आणि तुकडीच्या प्रमुख उपनिरीक्षकावर ठपका ठेवला. खटला उभा राहून २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. नंतर उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. या सगळ्यात बारा वर्षे गेली. पटवर्धनांनी कॅमेरा बंद केला नाही त्याचे एक कारण हेच. निकाल काय लागतो, हे पाहिल्याशिवाय त्यांना चित्रपट पुरा करायचा नव्हता.

दुसरे कारण विलास घोगरे. पटवर्धनांची आणि त्यांची ओळख जुनी होती. मुंबईतल्या झोपडपट्ट्या पाडण्याच्या मोहिमेवर पटवर्धनांनी १९८५ मध्ये ‘हमारा शहर’ हा माहितीपट केला, त्यात घोगरे गायले आहेत. बारीक अंगयष्टी, पहाडी आवाज आणि शब्दाशब्दात उपरोध. मुलुंडच्या झोपडीत राहणारा हा माणूस आव्हान नाट्य मंच या डाव्या सांस्कृतिक गटाचा गायक-कवी होता. कामगार, भाडेकरू, बेघर यांची गाणी तो लिहीत असे. गोळीबारानंतर घोगरे रमाबाई नगरात जाऊन आले. १५ जुलैला त्यांनी आपल्या घरात गळफास घेतला. त्या वेळी त्यांनी डोक्याला निळे फडके बांधले होते. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेल्या माणसाने मरताना निळा रंग का निवडला, हा प्रश्न चित्रपटाच्या मुळाशी आहे. त्याचे एकच एक उत्तर तो देत नाही. संघटनेशी घोगरे यांचे संबंध आधीच तुटले होते हे तो लपवत नाही आणि डाव्या चळवळीला जात कितपत कळली, हेही विचारायला कचरत नाही.

चित्रपटाच्या नावात हे दोन्ही रंग शेजारी बसले आहेत. ‘जय भीम’ या अभिवादनाचे श्रेय विदर्भातले लोक कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना देतात. बिडी कामगारांची संघटना बांधणारे हरदास १९३७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून गेले आणि १९३९ मध्ये ऐन तारुण्यात वारले. म्हणजे अभिवादन रुजवणारा माणूसच कामगारांचा कार्यकर्ता होता. निळ्या-लाल रंगांचे नाते पटवर्धनांनी ओढूनताणून जुळवलेले नाही, ते विदर्भाच्या मातीत होतेच.

गाणे हा या चित्रपटाचा कणा आहे आणि गाण्याचा इतिहास ठाऊक असला तर तो दुप्पट कळतो. सत्यशोधक समाजाने तमाशाचा साचा घेऊन त्यात नवा आशय भरला आणि जलसा गावोगाव नेला. त्याच वाटेने १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि इतरांनी आंबेडकरी जलसे उभे केले. सभेला न येणारी माणसे जलशाला येत. बाया अंगणात बसून ऐकत, पोरे झाडावर चढून ऐकत. शिक्षण घ्या, मेलेली ढोरे ओढू नका, महारकी सोडा, हे व्याख्यानात सांगून जेवढे पटले असते त्याहून अधिक ते डफ-ढोलकीवर पटले. पुढे वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) यांनी खेड्यापाड्यांतून हजारो गीते पोचवली. दुसरीकडे अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४० च्या दशकात गिरणगावात गाजत होते. घोगरे, संभाजी भगत आणि त्यांच्यानंतरचे गायक या दोन्ही घराण्यांचे वारस आहेत.

वर्धा जिल्ह्याच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. कारंजा (घाडगे) असो की आर्वी की तळेगाव, १४ एप्रिलच्या आसपास वस्तीत मांडव पडतो, कव्वालीचा दुय्यम सामना रंगतो आणि पहाटेपर्यंत लोक उठत नाहीत. अमरावतीकडून दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाड्या कारंज्यावरूनच नागपूरकडे जातात आणि त्या गाड्यांतूनही हीच गाणी वाजत असतात. बाहेरच्याला हा नुसता गोंगाट वाटतो. त्या गाण्यांत इतिहास, राजकारण आणि शोक किती ठासून भरला आहे, हे ‘जय भीम कॉम्रेड’ पाहताना समजते. वस्तीतल्या प्रेक्षकाला मात्र आपलेच काहीतरी पडद्यावर आल्यासारखे होते.

रचना म्हणाल तर चित्रपट सरळ रेषेत जात नाही. एकदा तो ६ डिसेंबरच्या शिवाजी पार्कावर असतो. चैत्यभूमीकडे निघालेल्या लाखोंच्या रांगा आणि त्या गर्दीबद्दल नाक मुरडणारे आसपासचे रहिवासी, दोघांनाही तो बोलते करतो. मग तो शहराचा कचरा उचलणाऱ्या कामगारांकडे जातो. हातमोज्यांविना कचरा उपसणारी ही माणसे जवळजवळ सगळी एकाच समाजातली का, हे विचारायची गरज उरत नाही. १९७४ च्या जानेवारीत दलित पँथरच्या मोर्चावर वरून दगड पडून मारल्या गेलेल्या भागवत जाधव या तरुणाची कहाणी येते. पँथरचे नेते भाई संगारे यांची घणाघाती भाषणे येतात. रिपब्लिकन नेत्यांच्या बदलत्या युत्या येतात आणि त्यांच्याकडे पाहून रमाबाई नगरातल्या बाया जे बोलतात ते कुठल्याही राजकीय विश्लेषणापेक्षा धारदार आहे.

पँथरचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन केली, तेव्हा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षाचे नाव त्यांनी समजून-उमजून घेतले होते. त्याहीआधी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची आणि इथल्या अस्पृश्यांची स्थिती सारखी असल्याचे म्हटले होते आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाची चौकशी केली होती. स्वतः पटवर्धन विद्यार्थिदशेत अमेरिकेत असताना सेझार चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत स्वयंसेवक होते. त्यामुळे या चित्रपटाची तुलना अमेरिकेतल्या माहितीपटांशी करणे उपरे ठरत नाही. फरक मात्र मोठा आहे. अमेरिकेतले नागरी हक्कांवरचे बहुतेक गाजलेले चित्रपट एखाद्या कायद्यावर, एखाद्या विजयावर येऊन थांबतात. १९६४ चा नागरी हक्क कायदा किंवा १९६५ चा मतदान हक्क कायदा हा त्यांचा शेवट असतो. आपल्याकडे अस्पृश्यता बंद करणारे राज्यघटनेचे सतरावे कलम १९५० पासून आहे, नागरी हक्क संरक्षणाचा कायदा १९५५ चा आहे, अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. ‘जय भीम कॉम्रेड’ सुरू होतो तो हे सगळे कायदे झाल्यानंतर.

विदर्भातल्या प्रेक्षकाला सर्वांत जड जाणारा भाग खैरलांजीचा आहे. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातल्या या गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची, आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची, जमावाने हत्या केली. बातमी बाहेर यायलाच कित्येक दिवस लागले. त्यानंतर विदर्भभर मोर्चे निघाले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे मात्र खटल्यात टिकली नाहीत. हत्या जातीपोटी झाली, असे न्यायालयांना वाटले नाही. हा निष्कर्ष पचवणे कठीण आहे. चित्रपट खैरलांजीला घाटकोपरच्या शेजारी ठेवतो आणि मग शहर सुरक्षित, खेडे मागास, असली सोयीची समजूत टिकत नाही.

शेवटच्या भागात पुण्याचा कबीर कला मंच येतो. २००२ च्या गुजरात दंगलींनंतर जमलेली ही तरुण मंडळी, त्यांतली शीतल साठे हिचा आवाज कुणालाही जागीच थांबवेल असा. ती गाते तेव्हा घोगरे यांच्या मृत्यूने पडलेली पोकळी भरून येते आहे, असे क्षणभर वाटते. मग कळते की मंचावर नक्षलवादी संबंधांचा आरोप ठेवून २०११ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने अटका सुरू केल्या आणि उरलेले गायक भूमिगत झाले. पटवर्धन शीतलच्या आईकडे जातात. पुण्याच्या झोपडपट्टीतली ही बाई लेकीबद्दल ज्या शांतपणे बोलते, तिथे प्रेक्षकाचा स्वतःचा पक्ष कुठला, हा प्रश्न गळून पडतो. चित्रपटानंतरची हकीगतही सांगायला हवी. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि मंचातलेच सचिन माळी विधान भवनासमोर येऊन उभे राहिले आणि अटक करवून घेतली. गरोदर असलेल्या शीतलला त्याच वर्षी जूनमध्ये जामीन मिळाला. माळी आणि आणखी दोघांना सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळायला २०१७ उजाडले.

उणिवाही आहेत. तीन तास एका बैठकीत पाहणे सोपे नाही. मधल्या भागात सभा-भाषणांची दाटी होते आणि नवखा प्रेक्षक नेत्यांच्या नावांत हरवतो. ओघाने समजावून सांगणारे निवेदन नाही. पडद्यावर येणारे मोजके मजकूर आणि माणसांचे बोलणे यांवरच भागवावे लागते. दिग्दर्शकाची निळ्या-लाल एकीची इच्छा काही ठिकाणी पुराव्याच्या पुढे धावते. रस्त्यावरच्या मध्यमवर्गीयांना आरक्षणाबद्दल विचारलेले प्रश्न परिणामकारक असले तरी उत्तरे जरा जास्तच सोयीची निवडलेली वाटतात. तरीही चौदा वर्षे एकाच वस्तीत पुन्हा पुन्हा जाणारा, मेलेल्यांच्या घरी वर्षश्राद्धालाही पोचणारा मराठीतला दुसरा माहितीपट दाखवणे अवघड आहे. पोरे मोठी होतात, बाया म्हाताऱ्या होतात, खटला चालूच असतो. लिहून हे सांगता आले असते, पण चेहऱ्यांवर उमटलेला काळ फक्त कॅमेराच टिपू शकतो.

याच्या जोडीला दोन चित्रपट पाहावेत. पहिला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी तो सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. एका सफाई कामगाराच्या मृत्यूला गाणे कारणीभूत ठरले, असा आरोप नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर येतो आणि खटला रेंगाळत राहतो, एवढीच गोष्ट. कांबळेंची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक वीरा साथीदार यांनी केली. १३ एप्रिल २०२१ रोजी नागपुरात कोरोनाने त्यांचे निधन झाले. गाणी संभाजी भगत यांची आहेत, म्हणजे माहितीपटातला धागा कथापटातही चालू राहतो. दुसरा डॉ. जब्बार पटेल यांचा २००० सालचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’. मूळ इंग्रजीत असलेल्या या चित्रपटात बाबासाहेबांची भूमिका मामुट्टी यांनी केली आणि त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. महाड, काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना आणि नागपूरचे धर्मांतर हा क्रम ज्यांना नीट ठाऊक नाही, त्यांनी तो आधी पाहिला तर ‘जय भीम कॉम्रेड’ समजायला सोपा जातो. अॅटनबरो यांच्या १९८२ च्या ‘गांधी’त बाबासाहेब कुठेच दिसत नाहीत. सेवाग्रामच्या जिल्ह्यात तो चित्रपट अनेकदा दाखवला गेला असणार, तेव्हा ही दुसरी बाजूही तिथे पोचली तर बरे.

हा माहितीपट मुंबईत चित्रपटगृहांपेक्षा वस्त्यांमध्ये, चाळींच्या पटांगणात पडदा लावून अधिक दाखवला गेला आणि तसाच तो शोभतो. कारंज्यासारख्या तालुक्याच्या गावी जयंती समिती, महिला मंडळ, महाविद्यालयातला वाङ्मय मंडळाचा गट किंवा वाचनालय यांपैकी कुणालाही हे जमण्यासारखे आहे. दिग्दर्शकाची परवानगी आधी घ्यावी. खेळ दोन संध्याकाळींत विभागावा. पहिल्या दिवशी घाटकोपर आणि घोगरे, दुसऱ्या दिवशी खैरलांजी आणि कबीर कला मंच. चित्र थोडे पुसट चालेल, पण ध्वनिक्षेपक चांगला हवा, कारण शब्द ऐकू आले नाहीत तर चित्रपटाचा निम्मा जीव जातो. मृतदेहांची दृश्ये आहेत, म्हणून लहान मुलांना बसवू नये. नववी-दहावीच्या पुढच्या मुलांनी मात्र जरूर पाहावा. दुसऱ्या दिवशी खेळ संपला की पाहुण्यांची भाषणे ठेवू नयेत. गावातल्या गायनपार्टीला पुढे बोलवावे, त्यांच्याकडून दोन गाणी घ्यावीत आणि मग ज्याला बोलायचे त्याला बोलू द्यावे.